निसरड्या जमिनीवर एटीव्हीची फोर-व्हील ड्राइव्ह: ताकद कुठल्या चाकाला जाते आणि बटण कधी दाबायचं

चिखलात रुतलेल्या एटीव्हीभोवतीची (एटीव्ही म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी, हँडलची छोटी चारचाकी) जमीन नीट पाहिली, तर बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. मागच्या चाकांखाली खोल खड्डे आणि पुढच्या चाकांखालची जमीन जवळजवळ शाबूत. म्हणजे गाडी आधी मागच्या दोन चाकांवर झगडली, त्यांनी आपली कबर खणली आणि मग चालवणाऱ्याने फोर-व्हील ड्राइव्हचं, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारं, बटण दाबलं. तोवर गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं असतं आणि चारही चाकं फिरली तरी उपयोग नसतो. बटण कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ते दाबल्यावर आत काय होतं, हे माहीत असेल तर ते वेळेवर दाबलं जातं.

पकड वाढत नाही, वापरात येते

फोर-व्हील ड्राइव्ह लावल्याने टायर आणि जमीन यांच्यातलं घर्षण कणभरही वाढत नाही. आधी नुसत्या लोळणाऱ्या पुढच्या चाकांखाली जी पकड पडून होती, ती कामाला लागते, एवढंच.

आकड्यांत पाहू. गाडी ३०० किलोची, चालवणारा ८० किलोचा, एकूण ३८०. कोरड्या डांबरावर घर्षणांक (वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा) ०.७ ते ०.९ असतो, ओल्या गवतावर आपण ०.२५ धरू. मागच्या चाकांवर ५५ टक्के वजन असेल, तर फक्त मागची चाकं ओढत असताना जास्तीत जास्त जोर मिळतो ३८० × ०.५५ × ०.२५, म्हणजे सुमारे ५२ किलो वजनाइतका. चारही चाकं ओढू लागली की तोच आकडा ९५ होतो. चढाच्या भाषेत सांगायचं तर मागच्या दोन चाकांवर ही गाडी त्या गवतावर आठ-नऊ अंशांचा चढ चढेल (चढावर थोडं वजन मागे सरकतं, ते धरून) आणि चार चाकांवर साधारण चौदा अंशांचा.

आता उतरताना काय होतं ते पाहा. ब्रेक चारही चाकांना लागतात, मग फोर-व्हील ड्राइव्ह असो वा नसो. म्हणजे थांबण्याची मर्यादाही तीच, चौदा अंश. टू-व्हीलमध्ये (फक्त मागची दोन चाकं ओढत असताना) गाडी नऊ अंशांवरच हात टेकत होती, त्यामुळे जिथवर चढलात तिथून सुखरूप उतरण्याइतकी पकड नेहमी शिल्लक असायची. फोर-व्हीलमध्ये ही शिल्लक संपते. गाडी तुम्हाला अशा जागी सहज नेऊन ठेवते, जिथून खाली येताना ब्रेक दाबूनही ती घसरत राहील. निसरड्या चढावर चढून जाणं सोपं वाटलं, म्हणून उतरणंही सोपं असेल असं समजू नका. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

चार चाकं खरंच फिरतात का?

दर वेळी नाही, आणि त्याला कारण आहे डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही गिअरपेटी मध्ये बसवतात. साधं, उघडं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. ऐकायला हे न्याय्य वाटतं, पण निसरड्या जागी तोच घोळ होतो. डावं चाक शेवाळावर असेल आणि २० न्यूटन-मीटरला फिरकी घेत असेल, तर उजवं चाक कोरड्या दगडावर असूनही त्याला २० च मिळणार. अशा वेळी ‘फोर-व्हील’ गाडी प्रत्यक्षात जेमतेम दोन चाकांची होते.

बऱ्याच कामाच्या एटीव्हींमध्ये मागे डिफरन्शियल नसतंच. दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर असतात आणि कायम बरोबरीने फिरतात. काही गाड्यांत मागचं डिफरन्शियल बटणाने उघडता किंवा बांधता येतं. हिरवळ उकरली जाऊ नये म्हणून ते उघडं ठेवायची सोय असते. निसरड्या जमिनीवर ते बांधलेलंच हवं. खरा फरक असतो पुढच्या आसात. तिथे चार प्रकार सापडतात आणि तुमच्या गाडीत कुठला आहे, हे तिच्या पुस्तिकेत पाहून ठेवल्याशिवाय पुढचं वाचण्यात फारसा अर्थ नाही.

पहिला प्रकार उघड्या किंवा मर्यादित-घसरण (दोन चाकांच्या गतीत थोडाच फरक पडू देणाऱ्या) डिफरन्शियलचा. दुसरा डिफ-लॉकचा: बटण किंवा लिव्हर दाबली की पुढची दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. यामाहा आणि सुझुकीच्या कामाच्या गाड्यांत टू-व्हील, फोर-व्हील आणि लॉकसह फोर-व्हील अशा तीन पायऱ्या असतात. कावासाकीच्या ब्रूट फोर्समध्ये डाव्या हाताशी एक लिव्हर असते. ती जितकी ओढाल तितकं डिफरन्शियल आवळलं जातं. तिसरा प्रकार आपोआप आवळणाऱ्यांचा. कॅन-ॲमच्या व्हिस्को-लॉकमध्ये दोन चाकांच्या गतीत फरक पडला की आतला छोटा पंप दाट द्रवाचा दाब वाढवतो आणि त्या दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्यासाठी आधी एका चाकाने थोडी फिरकी घ्यावी लागते. म्हणून अशा गाडीत एक चाक फिरू लागलं की घाबरून लगेच रेस सोडू नका. क्षणभर हलकी, स्थिर रेस धरा, दुसरं चाक ओढायला लागेल.

चौथा प्रकार पोलॅरिस कंपनीमुळे माहीत झालेला, गरजेनुसार जोडणारा. यात पुढचा शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मुद्दाम मागच्यापेक्षा किंचित हळू फिरवलेला असतो. गाडी नीट चालली असताना पुढची चाकं शाफ्टच्या पुढे पळत राहतात आणि मोकळी असतात. मागची घसरू लागली की शाफ्टची गती पुढच्या चाकांना गाठते, क्लचमधले रोलर उतरत्या खाचांत अडकतात आणि दोन्ही पुढची चाकं एकदम ओढू लागतात. फारच हुशार रचना आहे, पण तिचे दोन परिणाम कुणी आवर्जून सांगत नाही. एक, मागची चाकं थोडी घसरल्याशिवाय पुढची ओढत नाहीत. आडव्या उतारावर शेपूट सरकायला तेवढी घसरण पुरते. दोन, उतारावर इंजिनचा रोध (रेस सोडल्यावर इंजिन गाडीला मागे धरतं तो) साधारणपणे फक्त मागच्या चाकांना मिळतो, कारण पुढची तर पुढेच पळत असतात. चारही चाकांना रोध हवा असेल तर उतारासाठीची वेगळी सोय गाडीत असावी लागते.

जाता जाता: मोठ्या कंपनीची फोर-व्हील ड्राइव्ह एटीव्ही बाजारात आली ती होंडाच्या टीआरएक्स ३५० च्या रूपाने, १९८६ मध्ये. त्या गाडीत बटणच नव्हतं, चारही चाकं कायम जोडलेली. आज कुणी त्याला मागासलेपणा म्हणेल, पण ‘उशिरा बटण दाबलं’ ही चूक तिच्यावर करताच येत नव्हती.

निघण्यापूर्वी

१. टायरची हवा मोजा. एटीव्हीचे टायर फार कमी दाबावर चालतात, साधारण ५ ते ७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). मोटारीच्या गेजवर इतका कमी आकडा धड वाचता येत नाही. कमी दाबाचा गेज घ्या. पुढच्या-मागच्या टायरांत पुस्तिकेत दिलेलाच फरक ठेवा. हा फरक केवळ आरामापुरता नाही: टायरचा घेर बदलला की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या गतीचं प्रमाण बिघडतं. गरजेनुसार जोडणाऱ्या गाडीत त्यामुळे पुढची चाकं नको तेव्हा जोडली जातात किंवा हवी तेव्हा जोडली जात नाहीत. फक्त मागे मोठे टायर बसवण्याचा मोह याच कारणासाठी टाळावा.

२. फोर-व्हील खरंच लागते का, ते तपासा. भुसभुशीत, सपाट जागी गाडी न्या, एका माणसाला बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करा आणि झटकन रेस देऊन पुढची चाकं माती उडवतात का, ते त्याला पाहू द्या. डॅशबोर्डवरचा दिवा पुरावा नव्हे. बऱ्याच गाड्यांत तो फक्त बटण दाबल्याची पावती असतो.

३. दिवा नुसता लुकलुकत राहिला तर घाबरू नका. आत एक छोटी मोटर दातेरी कडी सरकवत असते आणि दाते समोरासमोर आले तरच ती बसते. गाडी हातभर पुढे-मागे घ्या, हँडल थोडं डावी-उजवीकडे फिरवा. बसेल.

४. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची पायरी; तिच्या उलट ती हाय) वापरायची सवय लावा. बेल्टवर चालणाऱ्या, म्हणजे इंजिनची ताकद पुलींवरच्या बेल्टमधून नेणाऱ्या, गाड्यांत हे विशेष महत्त्वाचं. हायमध्ये मंद गतीने चिखल तुडवताना बेल्ट पुलीवर पूर्ण आवळलेला नसतो. तो घसरतो, तापतो आणि जळका वास येतो. लोमध्ये चाकाला जास्त टॉर्क मिळतो, बेल्ट सुखी राहतो आणि रेसवरच्या अंगठ्याच्या बारीक हालचालीनेही गाडी ताब्यात राहते.

बटण कधी, लॉक कधी

‘टू-व्हीलमध्ये आत जा आणि फोर-व्हील बाहेर पडण्यासाठी राखून ठेवा’ असा सल्ला जुनी मंडळी देतात. अडकलात तर हातात काहीतरी शिल्लक असावं, हा त्यामागचा विचार चांगला आहे. पण तो मला पटत नाही. टू-व्हीलमध्ये रुतेपर्यंत मागच्या चाकांनी वरचा घट्ट थर फाडलेला असतो, आणि त्यानंतर लावलेल्या फोर-व्हीलला धरायला काही उरत नाही. चार चाकं हळू फिरत गेली तर तोच थर बहुतेक वेळा टिकतो. शिल्लकच ठेवायची तर डिफ-लॉक राखून ठेवा, फोर-व्हील नव्हे.

निसरडा भाग दिसला की त्याच्या आधी थांबा किंवा अगदी मंद व्हा, रेस सोडा आणि मग फोर-व्हील लावा. मागची चाकं जोरात फिरकी घेत असताना बटण दाबलं, तर स्थिर असलेली पुढची यंत्रणा एका झटक्यात पूर्ण गतीला ओढली जाते. तो धक्का दाते, शाफ्ट आणि सांधे यांनाच सोसावा लागतो. मोडलेलं डिफरन्शियल हा त्याचा नेहमीचा शेवट.

डिफ-लॉक त्याहून आखडत्या हाताने. एक पुढचं चाक हवेत असेल, घळीत आडवं जायचं असेल किंवा एकच बाजू चिखलात असेल, तर लावा आणि सरळ रेषेत पार व्हा. लॉक लागलेला असताना पुढची दोन्ही चाकं सारखीच फिरतात, त्यामुळे हँडल जड होतं आणि निसरड्या जागी हँडल वळवूनही गाडी सरळच जात राहते. वळण येण्याआधी लॉक काढा.

कडक जमिनीवर फोर-व्हीलही काढायलाच हवी. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १.३ मीटर असलेली गाडी तीन मीटर त्रिज्येचं वळण घेते, तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळपास नऊ टक्के जास्त अंतर कापतात. पुढचा-मागचा शाफ्ट थेट जोडलेला असेल तर हा फरक कुठेतरी जिरायला हवा. मऊ मातीत टायर घसरून तो जिरवतात. कडक जमिनीवर तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो.

जमीन बघून चालवणं

चिखलाचे दोन प्रकार आणि दोघांची मागणी उलटी. खाली कडक तळ असलेला पातळ राडा असेल, तर टायरच्या दात्यांनी तो कापून तळ गाठायचा असतो. इथे चाक थोडं जास्त फिरलेलं चालतं, कारण त्या गतीनेच दात्यांतला चिखल उडून जातो आणि दाते पुन्हा मोकळे होतात. तळ लागणार नाही असा खोल, दलदलीसारखा गाळ असेल तर वरच्या थरावर तरंगत जाणं हाच मार्ग: हवा पुस्तिकेतल्या किमान आकड्यापर्यंत कमी, गती स्थिर, रेस न बदलता, आणि मध्ये थांबायचं नाही. आत जाण्याआधी काठीने तळ बघा. खोली पायटेकूपेक्षा जास्त असेल तर दुसरी वाट शोधा. गाडीचा वेग मंदावू लागला की हँडल झपाट्याने थोडं डावीकडे-उजवीकडे करत राहा. टायरच्या कडेचे दाते चरीच्या भिंतींना धरतात आणि पुष्कळदा तेवढ्यावर गाडी निघते. तीन-चार सेकंदांत पुढे सरकली नाही तर रेस सोडा. त्यापुढचा प्रत्येक क्षण खणण्यात जातो.

ओलं गवत आणि चिकणमाती दिसायला साधी, पण मला विचाराल तर चिखलापेक्षा धोकादायक. चिखलात गाडी अडकते, इथे ती निसटते. ओली चिकणमाती दात्यांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि तो साफ करण्याइतकी फिरकी उतारावर परवडत नाही. इथे गती कमी, रेस मऊ, ब्रेक मऊ. फिरकी घेणारं चाक आडवी पकडही गमावतं, हे इथे सर्वांत जास्त जाणवतं. आडव्या उतारावर टू-व्हीलमध्ये रेस जास्त झाली तर फक्त शेपूट खाली सरकतं. फोर-व्हीलमध्ये चारही चाकं सुटली तर अख्खी गाडी बाजूने घसरते आणि वाटेत दगड किंवा बुंधा लागला की उलटते. म्हणून ओल्या उताराला आडवं जाणं शक्यतो टाळाच. जावंच लागलं तर अंग चढाच्या बाजूला झुकवा, लॉक लावू नका आणि रेस अंगठा जेमतेम टेकेल इतकीच ठेवा.

ओली मुळं आणि शेवाळी दगड काटकोनात ओलांडा, आणि चाक नेमकं त्यावर असताना रेस किंवा ब्रेक देऊ नका. ताज्या बर्फात कमी हवा आणि स्थिर गती उपयोगी पडते. घट्ट, काचेसारख्या बर्फावर घर्षणांक ०.१ किंवा त्याहून कमी असतो. वरच्या गणितात तो घालून पाहा, चार चाकांवरही सहा अंशांपलीकडे गाडी चढत नाही. तिथे साखळ्या किंवा खिळ्यांचे टायरच हवेत, आणि तेही चारही चाकांना. फक्त मागे घातले तर वळणावर पुढचं टोक सरळ निघून जाईल.

चढ, आणि चढ फसला तर

पायथ्याशीच फोर-व्हील आणि लो लावा. चढाच्या मधोमध गिअर बदलायची वेळ येऊ देऊ नका. पुढे सरकून बसा, छाती हँडलकडे. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि हलक्या चाकाला ताकद देऊन काही होत नाही. तुमचं शरीर हे गाडीवरचं एकमेव हलवता येणारं वजन आहे. गती पायथ्याशी मिळवा, वर टिकवा. चाकं फिरू लागली तर रेस वाढवू नका, किंचित कमी करा.

गाडी थांबली तर:

१. वजन चढाकडेच ठेवून ब्रेक दाबा आणि धरून ठेवा.

२. गाडी मागे घसरू लागलीच तर रेस अजिबात देऊ नका आणि फक्त मागचा ब्रेक एकदम दाबू नका. पुढचं टोक उचलून गाडी तुमच्या अंगावर उलटू शकते. पुढचा ब्रेक हळूहळू आवळा. एकाच लिव्हरने सगळे ब्रेक लागत असतील तर तीही हळूहळू.

३. गाडी स्थिर झाली की पार्किंग ब्रेक लावा आणि चढाच्या बाजूने उतरा. उतरत्या बाजूने कधीच नाही.

४. ती थांबत नसेल तर सोडून द्या आणि बाजूला व्हा.

उतरताना लो रेंज, मागे सरकलेलं अंग, सरळ रेषा. इंजिनचा रोध चार चाकांना मिळणारी गाडी असेल तर फोर-व्हील लावूनच उतरा. काम वाटलं जातं आणि एखादं चाक अडून घसरण्याची शक्यता कमी होते. फक्त मागच्यांना मिळत असेल तर उतारावर हलकं झालेलं मागचं टोक आधी सुटेल, म्हणून पुढच्या ब्रेकची हलकी साथ द्या. चाकं अडकून गाडी घसरगुंडीवर असल्यासारखी निघाली, तर ब्रेक किंचित सैल करा. चाक फिरू लागलं की हँडल पुन्हा ऐकू लागतं.

रुतल्यावर

आधी खाली वाकून पाहा. पोट टेकलं असेल तर चाकांवर वजन नाही, आणि वजन नाही तर पकडही नाही. रेस देणं व्यर्थ. पोटाखालची माती खोदून काढा, निघायच्या दिशेला चाकांसमोर उताराचे छोटे चर करा, फांद्या किंवा दगड घाला आणि शक्यतो आलात त्याच चाकोरीतून मागे निघा. तिथली जमीन कशी आहे हे तुम्हाला ठाऊक असतं.

विंच (गाडीवरचं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) असेल तर झाडाला दोर थेट न बांधता रुंद पट्टा लावा, ड्रमवर किमान पाच वेढे शिल्लक ठेवा, दोरावर जाड कापड किंवा जाकीट टाका आणि कुणालाही ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू देऊ नका. इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी आधी संपेल. जोर कमी पडला तर कप्पी लावून दोर परत गाडीकडे आणा. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. चाकं विंचच्या गतीनेच हळू फिरवा. ती जास्त फिरली तर दोर सैल पडतो आणि पुन्हा झटक्याने ताणला जातो.

परत आल्यावर

खोल पाण्यातून आला असाल आणि रेस देऊनही गाडी ओढत नसेल, तर बेल्ट भिजला आहे. न्यूट्रलमध्ये थांबून काही सेकंद रेस कमी-जास्त करा म्हणजे पाणी उडून जाईल. ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवा, तेही वाळतील.

मग पाण्याने धुताना पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचे, सांध्यांवरचे रबरी बूट बोटाने चाचपून पाहा. एक चीर पुरते. चिखल आत गेला की सांधा थोड्याच दिवसांत कटकट वाजू लागतो. पुढच्या डिफरन्शियलमधल्या तेलाचा बूच उघडून तेलाचा रंग बघा: दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. बदलताना पुस्तिकेत सांगितलेलंच तेल घाला. रोलर किंवा द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या रचनांना साधं गिअर ऑइल चालेलच असं नाही, आणि चुकीच्या तेलाने पुढची चाकं पकडायचीच थांबू शकतात. डिफरन्शियलला श्वास घेण्यासाठी वर नेलेली बारीक नळी चिखलाने बुजली असेल तर तीही मोकळी करा. गरम डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि नळी बंद असेल तर ते सीलमधून पाणी ओढून घेतं.